सव्वा वॅटचा पंप

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण घरात आणि माझ्या पंपांच्या दुकानात मन मोकळं करावं असं एकही माणूस उरलेलं नाही. कागद बरा. सगळं ऐकून घेतो आणि उलटून कुणाला फोन करत नाही.

घडलं ते असं. एका गिऱ्हाइकाकडे तिसऱ्या मजल्यावर पंपाची तक्रार होती. मी आणि मिस्त्री गेलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी जरा विचार करायला बसलो. विचार खोल होता, त्यामुळे डोळे मिटले. मिस्त्री म्हणतो, मी पडलो. पडणं वेगळं, बसणं वेगळं. बसताना माणूस जागा निवडतो. मी पायरी निवडली होती. डोकं कठड्याला लागलं ते नंतर.

मिस्त्रीने तोंडावर पाणी मारलं, पंप दुरुस्त केला, मला घरी सोडलं. इथपर्यंत ठीक. पण दारातच त्याने सौ.ला सगळं सांगून टाकलं. हा माझ्याकडे आला तेव्हा याला आटे कुठल्या बाजूला फिरतात ते माहीत नव्हतं. पाना धरायला मी शिकवलं. पंपाला लोखंडी सळई टेकवून दुसऱ्या टोकाला कान कसा द्यायचा, तेही मीच.

गद्दार नंबर एक.

त्या जिन्याच्या पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत. गवंड्याची चूक. नोंद असावी.

५ फेब्रुवारी

डॉक्टरकडे नेलं. गेलो असं लिहिणार नाही. एका बाजूला सौ., दुसऱ्या बाजूला लेक. चोर पकडून न्यावा तसं नेलं.

डॉक्टरने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. ऐकणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. मग छातीवर गार चिकट काहीतरी फासून पडद्यावर चित्र बघितलं आणि आदर घालवला. म्हणाला, हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप कडक झालीय. अंगठ्याएवढी वाट हवी, करंगळीएवढी उरलीय. गोळ्यांनी होणार नाही. ऑपरेशन करून झडप बदलायची. आणि लवकर.

लवकर म्हणजे कधी, असं सौ.ने विचारलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्याकडे असा पंप आला तर तुम्ही काय सांगता?"

मी म्हटलं, आधी दुसरं मीटर लावून बघतो. पहिलं मीटर खोटं बोलू शकतं.

सौ. रस्ताभर बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा फार ऐकू येतं.

घरी आल्यावर स्वतः तपासणी केली. सळईचं एक टोक छातीला, दुसरं कानाला. मान वाकवावी लागते, पण जमतं. आवाज स्वच्छ. बेअरिंग फर्स्ट क्लास. तेवढ्यात सौ. आत आली आणि म्हणाली, "अहो, स्वतःलाच काय भोसकताय?"

निकाल: मशीन बिघडलेलं आहे. डॉक्टरचं.

८ फेब्रुवारी

लेक कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिला म्हटलं, भावनेचं बाजूला ठेव, हृदय हा पंप आहे ना? मग किती वॅटचा ते सांग.

तिने एक टोमॅटो जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवला. म्हणाली, "बाबा, हे झालं साधारण एक ज्यूल काम. तुमचं हृदय एका ठोक्याला एवढंच करतं."

एक टोमॅटो!

मग तिने गणित मांडलं. दाब गुणिले एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. त्याला मिनिटाचे सत्तर ठोके. उत्तर: सव्वा वॅट.

मी तिला पुन्हा करायला लावलं. पुन्हा सव्वा. माझ्या दुकानातला सगळ्यात किरकोळ पंप म्हणजे कूलरमधला. तो अठरा वॅटचा. गिऱ्हाईक तो खिशात घालून नेतं. आयुष्यभर मी पाच-पाच, दहा-दहा हॉर्सपॉवरची धुडं बसवली आणि माझ्या आत बसवणाऱ्याने सव्वा वॅट बसवला. आपल्या माणसांनी फसवलं ते समजू शकतो. पण ही फसवणूक जन्माच्याही आधीची आहे.

जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

९ फेब्रुवारी

लेकीने माझा चेहरा बघून सकाळीच सांगितलं की हा पंप कधी बंद होत नाही, हे धरायला हवं. दिवसभराचं काम एकत्र केलं तर हजार किलोची मोटार तिसऱ्या मजल्यावर चढवल्याएवढं होतं. रोज!

याला म्हणतात काम. दुकानात गेल्या गेल्या सगळ्यांना ऐकवलं. चहावाल्यालाही. म्हटलं, तुमच्या शेठने आज उठल्यापासून गाडी पहिल्या मजल्यापर्यंत नेलीय, संध्याकाळी बघा कुठे पोचते ती.

मिस्त्री म्हणाला, "शेठ, मग रोज रात्री ती खाली कोण आणून ठेवतं?"

या माणसाला मोठं काही बोलून दाखवण्यात अर्थ नाही.

११ फेब्रुवारी

मोठा शोध. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे डॉक्टरला दाखवता येईल.

मी अठ्ठ्याहत्तर किलो. तीन मजले चढलो की साडेसात हजार ज्यूल काम होतं. तेवढ्या वेळात हृदयाचे ठोके पडणार पन्नास-साठ. म्हणजे पन्नास-साठ ज्यूल. शेकड्यात एकसुद्धा नाही! सगळी कंपनी बुडाली आणि शिपायाला कामावरून काढला, तसला प्रकार. जिन्यात दोष असलाच तर पायांचा. पाय माझेच, पण म्हणून त्यांना पाठीशी घालणार नाही.

लेक म्हणाली, "बाबा, त्या पायांना रक्त कोण पाठवतं?" हल्ली तीही आईच्या सुरात बोलते.

संकल्प: उद्यापासून पायांना व्यायाम. रोज संध्याकाळी लेकीबरोबर फिरायला. दुकानाची हत्यारांची बॅग रोज स्वतः उचलून घरी आणायची, सकाळी परत न्यायची, मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही. आणि सगळ्या तक्रारींना जातीने हजर.

१२ फेब्रुवारी

आज बॅग उचलली. धाप लागली. बॅगेचा पट्टा चुकीच्या जागी आहे.

२० फेब्रुवारी

डॉक्टरला फोनवर हरवलं.

मी म्हटलं, साहेब, पंपाला खरा त्रास असतो तो हेडचा, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं त्याचा. पण शरीर ही बंद नळी. डोक्याकडे जेवढं चढतं तेवढंच उतरतं, उतरणारं चढणाऱ्याला ओढून घेतं. म्हणजे माझ्या पंपाला हेड शून्य. मग ताण कसला?

तो एकदम खूश झाला. म्हणाला, "अगदी बरोबर! हेड शून्य. सगळं काम नळ्यांच्या अडथळ्याशी. म्हणूनच म्हणतो, तुमच्या झडपेचा अडथळा केवढा महागात पडतोय बघा. पुढे एकशेतीसचा दाब पोचवायला तुमचं हृदय आत एकशेऐंशी लावतंय. पन्नास झडपेतच जातात. तारीख देऊ का?"

स्वतःच शिडी आणून दिली आणि चोर माडीवर चढला. तारीख घेतली नाही. आवाज येत नाही असं सांगून फोन ठेवला.

२७ फेब्रुवारी

फरक पडतोय! बॅग हलकी लागायला लागली. त्या दिवशी धाप लागली होती, आज घरापासून गाडीपर्यंत शीळ वाजवत नेली. सौ. दारात उभी राहून बघत होती. म्हटलं, काय? ती म्हणाली, "काही नाही. छान दिसताय." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदाच ऐकलं.

४ मार्च

फिरणं उत्तम चालू. मी अजिबात दमत नाही. लेकीचा मात्र पाय मुरगळलाय. दहा पावलं टाकते आणि थांबते, "बाबा, जरा हळू हं." मी थांबतो. बाकावर बसतो. ती म्हणाली तर पुन्हा बसतो. या पिढीत दमच नाही. तिला सांगितलं, माझ्या वयाची होशील तेव्हा तुझं काय होणार? तिने मान खाली घातली. लागलं असेल तिला. पण खरं बोलायला कुणीतरी हवं.

९ मार्च

दैवही साथ देतंय. हल्ली तक्रारी येतात त्या सगळ्या तळमजल्यावरच्या. एक तळघरातली होती, तिथे मिस्त्री एकटाच गेला. वरच्या मजल्यांचे पंप एकाएकी सुधारले असावेत. किंवा आपण वर्षानुवर्षं केलेलं चोख काम आता फळाला येतंय.

तब्येत पूर्ण बरी. डॉक्टरला पत्र लिहून त्याचं मशीन विकायचा सल्ला द्यावा म्हणतो.

१४ मार्च

हे लिहिताना पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

आज दुकानात लाकडी पडद्यामागे मोटर उघडून बसलो होतो. बाहेर फोन वाजला. मिस्त्रीने उचलला. माझा कान कसा आहे हे हा माणूस विसरला कसा? बोलला ते एकेक अक्षर ऐकलं. "पाचवा मजला का? शेठ बाहेरगावी गेलेत. नाही, लवकर येणार नाहीत. मी येतो संध्याकाळी, त्यांना कळवू नका."

मी बाहेरगावी! दोन हातांवर!

पडदा सरकवला. मिस्त्रीचा चेहरा सुकलेल्या वॉशरसारखा झाला. विचारलं, किती दिवस चाललंय? तो म्हणाला, "शेठ, वहिनींनी सांगितलं होतं." वहिनींनी!

तसाच हत्यारांच्या बॅगेकडे गेलो. उघडली. मोठा पाइप पाना नाही. हातोडा नाही. पंप खेचायचा पुलर नाही. खाली वर्तमानपत्राचे बोळे, वर दोन स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टर. मी शीळ वाजवत वर्तमानपत्र वाहत होतो.

घरी निघालो तर कोपऱ्यावर लेक दिसली. बस सुटत होती. ती धावत गेली, उडी मारून चढली. मुरगळलेल्या पायाने!

तिघांनी मिळून कट केला. आणि कट तरी कसला? बिनचूक. काम म्हणजे वजन गुणिले उंची, हे लेकीनेच मला शिकवलं होतं. सौ.ने वजन काढलं. मिस्त्रीने उंची काढली. राहिला वेग, तो लेकीने लंगडून काढला. मी व्यायाम करतोय असं मला वाटत होतं. खरं तर माझ्या हातून काम कमी कमी करत आणलं होतं, एखाद्या जुन्या मोटरचा लोड उतरवत न्यावा तसं.

गद्दार नंबर एक, दोन, तीन. घर आणि दुकान मिळून माणसं संपली.

१५ मार्च

सौ.ला फैलावर घेतलं. ती डाळ निवडत होती, निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "ऑपरेशन करत नाही म्हणालात. मग तोवर तुम्हाला कसं टिकवायचं, ते तुम्हीच सांगा."

म्हटलं, विश्वास म्हणून काही असतो.

ती म्हणाली, "त्या जिन्यात पडलात ते तुम्ही मला कधी सांगितलंत?"

विषय बदलण्यात या बाईचा हात धरणारा कुणी नाही.

पाना कुठे लपवलाय तेही सांगत नाही.

१८ मार्च

संकल्प. शेवटचा आणि पक्का. दुकानामागे सात मजली इमारत आहे. उद्या तिच्या गच्चीवर एकटा जाणार. खरी बॅग घेऊन. बाजारातून नवा पाइप पाना आणला, जुन्यापेक्षा जड. गच्चीवर पोचलो की तिघांना फोन करणार: खाली या आणि मान वर करून बघा.

१९ मार्च, सकाळी ११

निघतोय.

१९ मार्च, दुपार

काय झालं ते क्रमाने लिहितो.

इमारतीत शिरलो. लिफ्टसमोर दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळत उभ्या. मी म्हटलं, लिफ्टची वाट कशाला बघता, जिना आहे की! आणि चढायला लागलो. पहिला मजला झोकात. दुसऱ्याच्या वळणावर बॅग खाली ठेवली. पट्ट्याने खांदा कापत होता म्हणून. मग बसलो. बसलोच, पडलो नाही. डोळ्यांसमोर जरा अंधारलं, तेव्हा भिंतीलगत गच्चीकडे जाणारा पाण्याचा जाड पाइप होता, त्याला डोकं टेकलं.

आणि कानात आवाज आला.

खस्स. टप. खस्स. टप.

सवय. डोळे मिटलेले असले तरी कान कामावर असतो. हा पंप मी बसवलेला नाही, पण बिघाड दुसऱ्या क्षणी कळला. पुढची झडप चोक. अरुंद फटीतून जोर करून पाणी पिळून काढावं लागतं तेव्हाच हा खस्स येतो. आणि सलग नाही, हिसक्याहिसक्याने. म्हणजे जुन्या पद्धतीचा पिस्टनवाला असणार. आजकाल असले कोण बसवतं? बिल्डर कंजूष. पंप मात्र गुणी, एवढ्या चोक झडपेतून बिचारा रेटत होता. पण अशा पंपाचा भरवसा नसतो.

गच्ची राहिली बाजूला. धंद्याचा धर्म आधी. कठडा धरत खाली उतरलो. वॉचमनला गाठलं. त्या बायकाही ऐकत होत्या. मी सांगितलं, पंपाची झडप गेलीय. आजच्या आज उघडा. उद्यावर टाकू नका. अजून पाणी चढतंय म्हणून चालवत राहाल, पण असा पंप एक दिवस न सांगता थांबतो आणि मग कुणाला हाक मारून उपयोग नसतो. मी उगाच घाबरवणारा माणूस नाही, पण हा आवाज मी ओळखतो.

वॉचमन म्हणाला, "शेठ, सकाळपासून लाइट नाही. लिफ्ट बंद आहे ती त्यानेच. पंप कुठून चालणार?"

मी म्हटलं, दुसरा असेल.

"एकच आहे. हा काय, इथेच." त्याने जिन्याखालचं जाळीचं दार उघडून दाखवलं. साधा, फिरत्या पात्यांचा पंप. सलग चालणारा. मी हात लावला. गार.

पुन्हा पाइपला कान लावला. खस्स, टप. भिंतीला लावला. खस्स, टप. वॉचमनच्या लाकडी टेबलाला लावला. तो म्हणाला, "शेठ, बरं वाटत नाही का?" मग काहीच लावलं नाही. नुसता तळहाताने कान बंद केला.

खस्स. टप.

२० मार्च

मिस्त्रीला घरी बोलावलं. विचारलं, तुला माहीत होतं?

तो दारातच उभा राहिला. म्हणाला, त्या दिवशी जिन्यात तुम्हाला उचलून बसवताना कान तुमच्या छातीला लागला होता.

मग मला का नाही सांगितलंस? सौ.ला का?

"तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, आधी दुसरं मीटर लावून बघ."

म्हणालोच असतो.

त्याला चहा दिला. त्याने कप विसळून ठेवला आणि गेला. नंबर एक तसाच ठेवतोय. पण गद्दार हा शब्द जरा जड झालाय, दुसरा सुचला की बदलेन.

डॉक्टरला फोन केला. म्हटलं, तारीख द्या. त्याने विचारलं, मन कसं वळलं? मी सांगितलं, मी स्वतः तपासलं, तुमचं मशीन बरोबर आहे.

६ एप्रिल, सकाळ, हॉस्पिटल

थोड्या वेळाने आत नेणार. नर्सने घड्याळ, अंगठी, चष्मा काढून घेतला. वही मागितली तर म्हटलं दोन ओळी लिहून देतो. चष्म्याशिवाय लिहितोय.

काल डॉक्टरला विचारलं, माझा पंप उघडणार तेव्हा रक्त कोण फिरवणार? म्हणाला, बाहेरचा पंप. तेवढा वेळ हृदय थांबवून ठेवतात. कुठल्या जातीचा, विचारलं. त्याने हौसेने समजावलं: पाती नाहीत, पिस्टन नाही. एक मऊ नळी असते, तिच्यावरून रोलर फिरत फिरत रक्त पुढे ढकलतो, म्हणजे रक्त फुटत नाही. काय डोकं आहे! मी म्हटलं, चालू झाला की मला एकदा ऐकवा.

तो हसला. "तुम्ही गाढ झोपेत असाल."

आयुष्यभर लोकांच्या पंपांना कान लावला. माझ्यासाठी चालणारा पंप खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येणार, एकट्या मला नाही. म्हटलं, निदान मिस्त्रीला उभं राहू द्या, तो मला नंतर सांगेल. परवानगी नाही म्हणे.

मिस्त्री खाली आहे. दुकान बंद ठेवून आलाय. बोललो नाही त्याला काही. लेक दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, हळू नाही, आता भरभर बरे व्हा."

सौ. दाराशी उभी आहे. कपड्यांची बॅग मीच उचलून आणणार होतो. घराच्या उंबऱ्यापर्यंत आणली, पुढे जमलं नाही. म्हटलं, काय भरलंयस एवढं? उघडून बघितलं तर टॉवेल, सदरे आणि तळाशी माझा जुना मोठा पाइप पाना. दवाखान्यात पाना कशाला, विचारलं. ती म्हणाली, "येताना बॅग तुम्ही उचलायची."

ती बॅग घेऊन मघापासून तशीच उभी आहे. हात लाल झालाय. लेकीच्या शास्त्रात वजन नुसतं धरून ठेवलं, हललं नाही, तर काम शून्य. तिला म्हटलं, अगं, खाली ठेव.

ठेवत नाही.